अठरा तासांची मजल

सिंगापूरहून निघून वाटेत कोठेही न उतरता न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पोहोचणाऱ्या विमानाला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो, हे ऐकून अमरावती-अकोल्याकडील गृहस्थ त्या तासांचेच नवल करतो. वास्तविक नवल करावे ते त्या अंतराचे. ही मजल सुमारे १५,३०० किलोमीटरांची आहे. पृथ्वीचा परिघ ४०,००० किलोमीटरांच्या आसपास असल्यामुळे भूतलावरील कोणतीही दोन स्थळे परस्परांपासून २०,००० किलोमीटरांहून फारशी दूर असूच शकत नाहीत, आणि त्या परमावधीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग हे यंत्र एका दमात आक्रमते.

वऱ्हाडापाशी या कालावधीचे स्वतःचे माप आहे, ते शकुंतलेचे. मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर गाठणारी, अडीच फुटी रुळांवरून चालणारी ही गाडी किलिक निक्सन या विलायती कंपनीने मुख्यतः या मुलखातला कापूस बाहेर काढण्यासाठी उभी केली. ज्या मँचेस्टरच्या नावाने विलायती कापड आपल्याकडे ओळखले जाई, त्याच मँचेस्टरात १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन तिला लाभले आणि १९९४ पर्यंत त्याने इमानाने चाकरी केली. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटर तोडण्यास तिला सुमारे चार तास लागत. त्या चालीने, रात्रंदिवस न थांबता, सिंगापूर-न्यूयॉर्क प्रवास करावयाचा तर तेहतीस दिवस पुरते ना. आणि हा हिशेब केवळ कल्पनेतला नव्हे, कारण आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. आपल्या पापळ गावच्या पंजाबराव देशमुखांनीही १९२० साली विलायतेची वाट धरली ती समुद्रमार्गेच.

परंतु वेगाहूनही विलक्षण गोष्ट म्हणजे या विमानाची शिदोरी. शकुंतलेचे इंजिन वाटेत पाणी घेई, कोळसा घेई. येथे पॅसिफिकवर किंवा ध्रुवप्रदेशावर तशी तजवीज कोठली? एअरबस ए-३५० च्या या अतिदीर्घ पल्ल्याच्या प्रकारात १,६५,००० लिटर इंधन मावते, ज्याचे वजन सुमारे १३० टन होते, आणि उड्डाणाच्या वेळी साऱ्या विमानाचे वजन फार तर २८० टन असू शकते. म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर जवळजवळ निम्मा भार इंधनाचाच, आणि त्यातलेही पुष्कळसे उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडते. म्हणूनच या विमानात अवघी १६१ आसने ठेवलेली आहेत. इंधन जळून भार हलका होत जातो तसतसे वैमानिक टप्प्याटप्प्याने अधिक उंची गाठतात, कारण वरच्या विरळ हवेत विरोध कमी. आणि एकाच जोडीने इतका काळ सावध राहणे मनुष्यस्वभावाला झेपणारे नसल्याने दुसरी जोडी आळीपाळीने सुकाणू सांभाळते. या मितव्ययी, हिशेबी रचनेपुढे मला वेगाचा डौल दुय्यम वाटतो.

आपल्याकडील घरांचा संबंध बहुधा मुंबई-न्यूयॉर्क या सुमारे १२,५०० किलोमीटरांच्या मार्गाशी येतो. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आई-बाबांना, विशेषतः गुडघे धरलेल्या बाबांना, एकाच आसनावर पंधरा-सोळा तास काढणे सोपे नाही. पायांतील रक्त साकळू नये म्हणून मधून मधून उठून चालावे, पाणी पीत राहावे, हे कोणीतरी त्यांना निघण्यापूर्वीच बजावून सांगितले पाहिजे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हापासून अमरावतीकरांना पंख्याच्या एटीआर विमानाने दोन तासांच्या आत मुंबई गाठता येते. परंतु ते आठवड्यातून मोजकेच दिवस सुटत असल्याने पुढच्या विमानाशी मेळ बसला नाही, तर बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरावी लागते. अकोलेकरांची भिस्त तर अद्याप बहुतांशी रेल्वेवरच आहे, आणि मुंबईपर्यंतच्या सहाशेच्या आतल्या किलोमीटरांसाठी त्यांची सबंध रात्र जाते.