मोतीबिंदू: ऑपरेशन वीस मिनिटांचं, जपणूक महिनाभराची

ताईंनो, बैठकीत हमखास विचारतात, "मोतीबिंदू लेसरनं काढत्यात न्हवं?" बहुतेक ठिकाणी नाही. डोळा बधिर करून बारीक छेदातून गढूळ झालेलं भिंग काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. साधारण १५-२० मिनिटं लागतात. पुढं कधी त्या भिंगामागचा पडदा धुरकट झाला, तर तो मात्र लेसरनं साफ करतात. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं. कोल्हापुरात सीपीआरला चौकशी करा.

खरी काळजी घरी आल्यावर. हात धुऊनच थेंब घालायचे, साधारण ४ ते ६ आठवडे. डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. चुलीचा धूर, शेणघाण, वैरणीचा भारा डॉक्टर सांगतील तोवर बंद. डोळा ठणकला, लाल झाला, दिसायचं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"मग घरचं कोण बघणार?" म्हणून कितीतरी जणी ऑपरेशन लांबवतात. तिथं गटानं पाळ्या लावाव्यात: एकीनं भाकरी, एकीनं धार, एकीनं थेंब. पुढच्या बैठकीत अंधुक दिसणाऱ्या मावशींची नावं लिहूनच घ्या.