कुणाची गाडी बंद पडणार?

चिखल्याहून नागपूरला निघालेली एखादी गाडी आज रात्री वाटेत बंद पडेल का, हे कुठलाही मेकॅनिक सांगू शकत नाही. पण अशा दहा लाख गाड्यांपैकी वर्षभरात किती बंद पडतील, हे मात्र जवळजवळ नेमकं सांगता येतं! वर्षाची फी घेऊन वाटेत अडलेल्या गाडीला मदत पाठवणाऱ्या सेवेचा, म्हणजे रोडसाइड असिस्टन्सचा, सगळा व्यवहार या नवलावर उभा आहे.

समजा, गाडी वर्षात एकदा रस्त्यात अडण्याची शक्यता दहात एक आहे. गावातल्या दहा गाडीमालकांनी मिळून वर्गणी काढली, तर एखाद्या वर्षी एकही गाडी अडणार नाही, एखाद्या वर्षी तीन अडतील आणि हिशेब कोलमडेल. गाड्या दहा हजार असल्या, की बहुतेक वर्षी आकडा ९४० ते १,०६० मध्ये राहतो. दहा लाखांत तो ९९,४०० ते १,००,६०० मध्ये येतो. प्रत्येक गाडी बेभरवशाची, पण सगळ्या मिळून भरवशाच्या! गणितज्ञ याकोब बर्नुलीने सिद्ध केलेला हा नियम १७१३ साली छापला गेला, मोटार जन्मण्याच्या कितीतरी आधी. आणि मोटारी आल्यावर गाडीमालकांची संघटना, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, मुंबईत १९१९ सालीच उभी राहिली.

मात्र एक अट आहे: गाड्या आपापल्या कारणांनी बिघडायला हव्यात. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा वेढला, तसा दिवस उजाडला की हजारो फोन एकदम वाजतात. नेमक्या त्या दिवशी मदत सर्वांत उशिरा पोचते.

आता आपला हिशेब. सभासदत्वाची वर्षाची फी १,२०० रुपये आणि गाडी टोचन करून न्यायला ६,००० रुपये धरले, तर पाच वर्षांत एकदा तशी वेळ आली की फी वसूल होते. नुसत्या पंक्चरसाठी ती कधीच वसूल होणार नाही.

म्हणून फी भरावी का, याचं उत्तर गाडीपेक्षा जागेवर ठरतं. भंडाऱ्याजवळ राष्ट्रीय महामार्गावर अडलात, तर १०३३ हा क्रमांक आहेच. त्याला सभासदत्व लागत नाही. आत वळून तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीकडे निघालात, की गॅरेज दूर राहतं आणि टोचनचे किलोमीटर वाढतात. इथे सभासदत्वाची किंमत सर्वांत जास्त, आणि ते कागदावरच राहण्याचा धोकाही इथेच सर्वांत जास्त.

नवी गाडी असेल, तर कंपनीची मोफत मदत चालू आहे का ते पाहा. विम्याच्या पॉलिसीत ही सोय आधीच जोडलेली आहे का, तेही वाचा. दोन्ही नसतील, तर फी भरण्याआधी विचारा: चिखल्यापर्यंत कोण येणार, किती वेळात, आणि किती किलोमीटर मोफत ओढणार? तिन्ही उत्तरं लेखी मिळाली, गाडी जुनी असली आणि रात्रीचा प्रवास नेहमीचा असला, तर जरूर भरा. नाही तर तेच पैसे नव्या बॅटरीसाठी आणि चांगल्या स्टेपनीसाठी ठेवा.