स्पोर्ट मोडमध्ये गिअरबॉक्स काय करतो? (गाडीच्या पोटात : लेखांक 9)

डिसेंबर-जानेवारीत आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही दुपदरी रस्त्याला लागा, पुढे उसाचा ट्रॅक्टर भेटतोच. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांबाहेर आलेला ऊस आणि त्यापलीकडचं काही दिसत नाही. मोकळा पट्टा दिसला की आपण ॲक्सिलरेटर दाबतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ती आधी क्षणभर घुटमळते, मग एकदम उसळते. या घुटमळण्यात सेकंदभर गेला, तर ताशी 80 च्या वेगाने गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. समोरून तेवढ्याच वेगाने कोणी येत असेल, तर दोघांमधलं अंतर 44 मीटरनी घटलेलं असतं. स्पोर्ट मोडकडे मी शर्यतीचं खेळणं म्हणून पाहत नाही, त्याचं कारण हे 44 मीटर आहेत.

उदाहरण मराठवाड्यातलंच घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस जुळवली जायची. 2017 मध्ये ती बाजारात आली. दिसायला घरगुती, पण आत दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 हॉर्सपॉवर, 350 न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

या इंजिनाचा 350 चा टॉर्क साधारण 1500 आरपीएमपासून 4600 पर्यंत एकसारखा मिळतो. मग गिअर कुठलाही असला म्हणून काय बिघडलं? बिघडतं, कारण ताकद म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. 1500 फेऱ्यांवर तोच टॉर्क जेमतेम 75 हॉर्सपॉवर देतो, 4600 वर 229. साध्या डी मोडमध्ये गिअरबॉक्सला पेट्रोल वाचवायचं असतं, म्हणून तो भराभर वरचे गिअर टाकतो आणि इंजिन खालच्या फेऱ्यांवर ठेवतो. ट्रॅक्टरमागून जाताना आपल्या हाताशी 230 पैकी जेमतेम एक तृतीयांश ताकद असते. बाकीची मिळवायची तर गिअर उतरवावे लागतात, आणि तिथेच वेळ जातो.

डीएसजीत विषम गिअर एका क्लचच्या ताब्यात, सम गिअर दुसऱ्याच्या. तिसऱ्यात गाडी पळत असताना चौथा आधीच जोडून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळपास तुटतच नाही. ही कल्पना फ्रान्समधल्या आडोल्फ केग्रेस यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. पोर्शने 1980 च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांत वापरली आणि 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर 32 मधून रस्त्यावर आणली. अडचण एवढीच की पुढचा गिअर कोणता लागणार याचा अंदाज गिअरबॉक्सला बांधावा लागतो. तुम्ही सहाव्यात निवांत चालला आहात आणि अचानक चौथा हवा झाला, तर सहावा आणि चौथा दोन्ही एकाच क्लचवर. सरळ अदलाबदल होत नाही, वेळ लागतो. तेच घुटमळणं.

लिव्हर एसवर, म्हणजे स्पोर्टवर, ओढला की इंजिनाची कमाल ताकद तसूभरही वाढत नाही. बदलतो तो गिअरबॉक्सचा निर्णय घेण्याचा क्षण. गिअर उशिरा चढतो, ब्रेकवर पाय पडताच लवकर उतरतो. खालचा गिअर टाकताना इंजिनाला क्षणभर रेस दिली जाते, म्हणजे फेरे जुळतात आणि धक्का बसत नाही. पेडल किती दाबलंय, किती झटक्यात दाबलंय, ब्रेकचा जोर किती, हे सारखं वाचलं जातं. एसटीचा मुरलेला चालक चढ लागायच्या आधीच गिअर उतरवून तयार असतो, इंजिन धापा टाकेपर्यंत थांबत नाही. स्पोर्ट मोडच्या प्रोग्रॅममध्ये हीच समज लिहिलेली असते.

म्हणून तो वापरायचा आधी. ट्रॉलीच्या मागे असतानाच एस लावा, खालचा गिअर लागू द्या, पुढचा रस्ता स्वच्छ दिसू द्या आणि मगच बाहेर या. आधी बाहेर यायचं आणि मग पाय दाबून गिअरबॉक्सकडून तीन गिअर उतरवून घ्यायचे, हा क्रम मला घातक वाटतो. स्वच्छ दिसत नसेल तर 230 हॉर्सपॉवरही काही कामाचे नाहीत.

आपल्याकडे ऑटोमॅटिकमध्ये जास्त गाड्या एएमटीच्या, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचंच काम यंत्राकडे दिलेल्या. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली, त्याच वर्षी टाटाच्या झेस्टने एएमटीला स्पोर्ट मोडही दिला. इथे क्लच एकच; फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. स्पोर्ट मोड लावल्यावर गिअर बदलण्याची वेळ बदलते, पण बदलताना ताकद तुटते ती तुटतेच. त्यामुळे ओव्हरटेकच्या मध्येच गिअर पडू नये म्हणून लिव्हर मॅन्युअलवर घेऊन आधीच गिअर उतरवलेला बरा. इंजिनाची ताकद तेलातून पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत स्पोर्ट मोड आतला लॉक-अप क्लच जास्त वेळ धरून ठेवतो, म्हणजे तेलातून होणारी घसरण कमी होते आणि पायाला गाडी लगेच उत्तर देते.

उतारावर या मोडची खरी किंमत कळते, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. परभणीहून पाथरीमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 61 पुढे माळशेज घाट उतरून कल्याणला पोचतो. पठारावरच्या सपाट रस्त्याची सवय झालेला माणूस घाटातही डीवरच राहतो. पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की वरचा गिअर पडतो, इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. एस किंवा मॅन्युअलमध्ये थर्ड, तीव्र वळणांवर सेकंड धरला की इंजिनच गाडी आवरतं. स्टिअरिंगमागच्या पॅडलने चुकून फारच खालचा गिअर मागितला, तर फेरे हद्दीबाहेर जाऊ नयेत म्हणून गिअरबॉक्स तो नाकारतो. ते बिघाडाचं लक्षण समजू नका.

राहिली उष्णता. ऑक्टाव्हिया आरएसचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीचे क्लच मात्र कोरडे. चढावर गर्दीत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की ते घासत राहतात, आणि मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना त्यांना थंड व्हायला वावच मिळत नाही. तिथे ब्रेक पूर्ण दाबून थांबायचं, पुढे जागा झाली की एकदम निघायचं, आणि एस मोडला रस्ता मोकळा होईपर्यंत हात लावायचा नाही.