चाक हलल्यापासूनचा पगार

विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा हलते तेव्हापासून ते प्रवासाच्या शेवटी पूर्ण थांबते तोपर्यंतच्या काळाला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत उड्डाणकाळ मानले जाते. विमान कंपन्यांच्या रोजच्या बोलण्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिकाच्या अनुभवाचे तास याच काळात मोजले जातात आणि वर्षाला एक हजार तासांची कमाल मर्यादाही याच काळाला लागू होते. यापेक्षा कमी परिचित असलेली गोष्ट अशी की जगातल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिक आणि केबिन क्रू, म्हणजे प्रवासी कक्षात काम करणारे कर्मचारी, यांच्या कमाईचा मोठा भागही याच काळावर ठरतो. उत्तर अमेरिकेत तर केबिन क्रूची जवळजवळ सगळी कमाई या तासांतून येते, तर भारतातल्या खासगी कंपन्यांत ठरावीक पगाराच्या जोडीला तासांप्रमाणे मिळणारा उड्डाणभत्ता असतो. चाक हलण्यापूर्वी विमानात जे काम चालते त्याला या हिशेबात स्वतंत्र जागा नसते, आणि नेमके ते काम जवळून पाहिले की हा हिशेब किती अपुरा आहे ते ध्यानात येते.

मुंबईच्या विमानतळावर एखादे एअरबस ए-३२० विमान त्याच्या बेवर, म्हणजे विमान उभे करण्याच्या आखलेल्या जागेवर येऊन थांबले की पुढच्या पस्तीसेक मिनिटांत ते पुन्हा निघायचे असते. पुढच्या चाकाला चॉक, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लागतात; इंजिने बंद होऊन पोटाखालचा लाल दिवा विझतो आणि मगच लोडर सामानकक्षाच्या दाराशी जातात. एका बाजूला सामान उतरवणारा पट्टा लागतो, दुसऱ्या बाजूला पंखात इंधन भरण्याची नळी जोडली जाते, मागच्या दाराशी खाद्यपदार्थांच्या गाडीचा उंच होणारा सांगाडा येऊन टेकतो. या सगळ्या धांदलीत केबिन क्रूच्या चार जणांचे काम बाहेरून दिसत नाही. प्रवासी उतरत असताना त्यांना आपापल्या दाराशी उभे राहावे लागते. उतरणे संपले की कोणी काही मागे ठेवून गेले आहे का, हे आसनांच्या खाली आणि वरच्या कप्प्यांत पाहावे लागते. प्राणवायूच्या नळकांड्यांवरील दाब, अग्निशामकांची सीले आणि पाण्यात उतरण्याची वेळ आली तर लागणारी जॅकेटे जागेवर आहेत की नाहीत, हेही तपासायचे असते. गॅलीतल्या, म्हणजे विमानाच्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, जड ट्रॉल्यांच्या खिट्ट्या एकेक करून दाबून पाहाव्या लागतात, कारण उड्डाणाच्या वेळी एक जरी खिट्टी सुटली तर ती ट्रॉली उतारावरून सुटल्यासारखी मागे येते.

त्यानंतर प्रवासी चढू लागतात. १८० प्रवाशांचे विमान साधारण वीस मिनिटांत भरायचे असते. वरच्या कप्प्यात न मावणारी बॅग कोणाच्या पायाशी जाईल आणि कोणाची खाली सामानकक्षात पाठवावी लागेल, हे उभ्या उभ्या ठरवावे लागते. पंखांवरच्या आपत्कालीन दारांशेजारी बसणाऱ्यांना ते दार केव्हा आणि कसे उघडायचे हे समजावून त्यांचा होकार घ्यावा लागतो, तान्ह्या मुलाच्या आईला मुलासाठीचा वेगळा पट्टा द्यावा लागतो, चाकाच्या खुर्चीतून आलेल्या वृद्धाला आसनापर्यंत पोहोचवावे लागते. कोणी दारू पिऊन आले आहे का, कोणाला धाप लागली आहे का, याकडे लक्ष ठेवायचे ते याच वेळी, कारण आजारी किंवा बेभान प्रवाशाला खाली उतरवणे जमिनीवर असेपर्यंतच सोपे असते. शेवटी मोजणी होते. आत बसलेली डोकी आणि कागदावरचा आकडा जुळल्याशिवाय दार बंद होत नाही. एखादा प्रवासी सामान देऊन स्वतः आलाच नाही, तर त्याची बॅग शोधून खाली काढावी लागते. या वीस मिनिटांत आग लागली किंवा इंधन सांडले तर लोकांना बाहेर काढण्याची जबाबदारीही याच चौघांवर असते. म्हणूनच प्रवासी चढत असताना केबिन क्रू विमानात असलाच पाहिजे, असे नियम सांगतात. कायद्याने अनिवार्य ठरवलेले आणि प्रशिक्षित माणसाशिवाय न होणारे हे काम उड्डाणकाळात धरले जात नाही.

दारे बंद होतात. दारातली फुगणारी घसरगुंडी दाराशेजारच्या विमानाच्या फरशीशी जोडण्यासाठी ‘आर्म’ करण्याची आज्ञा होते आणि समोरच्या दारावरचा सहकारी ती जोडणी डोळ्यांनी पडताळतो. खाली ट्रॅक्टरचा टो-बार पुढच्या चाकाला जोडलेला असतो. कानाला हेडफोन लावलेला तंत्रज्ञ वैमानिकाला ब्रेक सोडायला सांगतो. कॉकपिटमधील पार्किंग ब्रेकची मूठ फिरते, विमान मागे सरकू लागते आणि पगाराचे घड्याळ सुरू होते.

या घड्याळाची नोंद आज कोणी हाताने करत नाही. विमान आणि जमीन यांच्यात रेडिओवरून छोटे संदेश पाठवणारी एकार्स नावाची यंत्रणा एआरआयएनसी या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये सुरू केली. त्यापूर्वी कर्मचारी वेळा घड्याळात पाहून कागदावर लिहीत आणि आवाजी रेडिओवरून कळवत, त्यामुळे त्यांत चूक आणि अंदाज दोन्ही शिरत. नव्या यंत्रणेची पहिली कामगिरी चार घटना आपोआप कळवण्याची होती, ज्यांना आजही आउट, ऑफ, ऑन आणि इन म्हणतात. सर्व दारे बंद आणि पार्किंग ब्रेक सुटलेला, ही स्थिती जुळून आली की आउट. चाकांच्या खांबावरचा भार गेल्याचे तिथल्या संवेदकाने सांगितले की ऑफ. तो भार पुन्हा आला की ऑन. आणि बेवर ब्रेक लागून दार उघडले की इन. कंपन्यांच्या यंत्रणांनुसार अटी थोड्याफार बदलतात, पण मूळ तत्त्व हेच. म्हणजे दार कधी उघडले आणि कधी मिटले, याची खबर यंत्राला जवळजवळ अर्धशतकापासून आहे. जमिनीवरचे काम मोजता येत नाही म्हणून ते हिशेबाबाहेर राहिले, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. यंत्राला जी वेळ विचारली जाते ती ते सांगते, आणि कोणती वेळ विचारायची हे कराराच्या टेबलावर ठरते.

त्या टेबलावरचा वादही जुना आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत टपाल वाहून नेणाऱ्या वैमानिकांना मूळ पगाराखेरीज मैलामागे मोबदला मिळत असे. विमाने वेगवान होऊ लागली तसे तेवढ्याच वेळात जास्त मैल कापले जाऊ लागले आणि वैमानिकाची कमाई वाढू लागली. १९३३ मध्ये बोइंग २४७ सारखे वेगवान विमान सेवेत येत असतानाच मोठ्या कंपन्यांनी मैलांऐवजी तासांवर पगार देण्याचा आग्रह धरला. तंत्रज्ञानाने वाढवलेले उत्पादन कोणाच्या पदरात पडावे, हाच तो प्रश्न होता. डेव्हिड बेंके यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनने याला विरोध केला. प्रकरण राष्ट्रीय कामगार मंडळापुढे गेले आणि मे १९३४ मध्ये ‘निर्णय क्रमांक ८३’ आला. मूळ पगार, तासांचा दर आणि मैलांचा मोबदला यांची सांगड घालणारे सूत्र त्यात होते, शिवाय महिन्याला ८५ तासांची मर्यादाही होती. या सूत्रात विमानाच्या वेगाला आणि पुढे वजनालाही स्थान मिळाले, हा वैमानिकांचा मोठा विजय होता. मात्र विमान हलते तेव्हाच काम होते, ही मैलांच्या काळातली समजूत तासांच्या काळातही तशीच राहिली, आणि केबिन क्रूचे करार पुढे त्याच पायावर उभे राहिले.

या समजुतीची किंमत कोण मोजतो, हे एका साध्या हिशेबाने दिसते. मुंबई ते गोवा हे उड्डाण ब्लॉक टाइमने सव्वा तासाचे धरले आणि एका दिवसात अशा दोन फेऱ्या, म्हणजे चार उड्डाणे धरली, तर पाच तास होतात. पहिल्या उड्डाणाआधी एक तास हजर राहणे, मधले पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तीन थांबे आणि शेवटी विमान रिकामे करण्याचा अर्धा तास मिळवला, तर कामाचा दिवस सव्वाआठ तासांचा होतो. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या दहा तासांच्या उड्डाणात मात्र प्रवासी एकदाच चढतात आणि एकदाच उतरतात; आगेमागे दोन तास धरले तरी बारा तासांपैकी दहा तास हिशेबात येतात. वेळापत्रक निवडण्याचा हक्क जिथे सेवाज्येष्ठतेने मिळतो, जसा तो उत्तर अमेरिकेत मिळतो, तिथे लांबची उड्डाणे अनुभवी लोकांकडे जातात. दिवसात चार वेळा विमान भरण्याचे आणि रिकामे करण्याचे काम, म्हणजे सर्वांत जास्त बिनमोबदल्याचे काम, सर्वांत नव्या आणि सर्वांत कमी दराच्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येते.

विलंब झाला की हीच विषमता आणखी ठळक होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. विमान त्या रांगेत चाळीस मिनिटे उभे राहिले तर ब्रेक एकदा सुटलेला असल्याने घड्याळ चालू असते. दिल्लीत धुके पडले म्हणून तेच विमान दार उघडे ठेवून बेवर चाळीस मिनिटे थांबले, तर संतापलेल्या प्रवाशांना तोंड देणारा तोच माणूस शून्य मिनिटे काम करतो, असे हिशेब सांगतो. रिक्षाचा मीटरसुद्धा सिग्नलला थांबल्यावर प्रतीक्षेचा आकार धरतो.

कंपन्यांचे उत्तर असे असते की तासाचा दर ठरवतानाच जमिनीवरचे काम त्यात गृहीत धरलेले आहे, म्हणून तो दर वरवर पाहता भरघोस दिसतो. शिवाय मुक्कामापासून दूर असलेल्या प्रत्येक तासाला थोडा दैनिक भत्ता मिळतो आणि अनेक करारांत महिन्याच्या किमान तासांची हमी असते. हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही दरात गृहीत धरलेले काम जर रोज बदलत असेल, तर त्या बदलाची जोखीम दर ठरवणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे सरकते. २५ मार्च ते २४ मे २०२० या दोन महिन्यांत भारतातली देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती, तेव्हा ज्यांच्या घरखर्चाचा आधार उड्डाणभत्ता होता त्यांना ही जोखीम सगळ्यात आधी कळली. यापेक्षाही बोलका विरोध कायद्यातच आहे. थकवा मोजण्यासाठी नियम जो काळ धरतात तो कर्मचारी कामावर हजर होतो तेव्हापासून सुरू होतो आणि शेवटच्या उड्डाणानंतर इंजिने बंद होईपर्यंत चालतो. त्याला उड्डाण-कर्तव्यकाळ म्हणतात. विश्रांतीच्या कायद्यासाठी तो माणूस सकाळी चार वाजता कामावर आलेला असतो आणि पगाराच्या करारासाठी पाच वाजता.

अमेरिकेतल्या डेल्टा या कंपनीने जून २०२२ पासून प्रवासी चढवण्याच्या वेळेसाठी तासाच्या दराच्या निम्मा मोबदला सुरू केला, आणि २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या केबिन क्रूने करारात तशी तरतूद मिळवली. हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो कॅनडात. १६ ऑगस्ट २०२५ रोजी एअर कॅनडाचे १० हजारांहून अधिक केबिन कर्मचारी संपावर गेले. केंद्र सरकारने कामगार संहितेच्या कलम १०७ चा आधार घेऊन काही तासांतच वाद सक्तीच्या लवादाकडे सोपवला. कर्मचाऱ्यांनी कामावर परतण्याचा आदेश मानला नाही, आणि १९ ऑगस्टला तडजोड झाली. सरकारला दरम्यान विमान क्षेत्रातल्या बिनमोबदल्याच्या कामाची चौकशी जाहीर करावी लागली होती. तडजोडीनुसार लहान विमानांसाठी प्रत्येक उड्डाणामागे ६० मिनिटे आणि मोठ्या विमानांसाठी ७० मिनिटे जमिनीवरचे काम म्हणून मान्य झाली, पण सुरुवात दराच्या ५० टक्क्यांपासून आणि पुढे दर वर्षी ५ टक्क्यांची वाढ. गॅलीची खिट्टी दाबणारा, आपत्कालीन दाराची माहिती देणारा आणि मोजणी जुळवणारा माणूस ब्रेक सुटल्यावर असतो तोच त्याआधीही असतो, मग त्याच्या तासाची किंमत आधी निम्मी का, याचे समर्थन कोणत्याच कंपनीने पटण्याजोगे केलेले नाही. करारावर मतदान झाले तेव्हा ९९.१ टक्के सभासदांनी वेतनवाढीचा भाग फेटाळला आणि तेवढाच भाग मध्यस्थीकडे गेला. जमिनीवरच्या त्या ६० आणि ७० मिनिटांचे कलम मात्र करारात कायम राहिले.