सावकाश आत या!

फोटोत कसं दिसेल याआधी, अंगाला कसं वाटेल हा प्रश्न विचारणारी डिझायनर आयलीन ग्रे. तिचं घर, तिचं टेबल आणि तिच्या भिंतींवर दुसऱ्याच कुणी काढलेल्या चित्रांची ही गोष्ट.

एक छोटं टेबल आहे. वर गोल काच, खाली स्टीलच्या नळीचं गोल कडं आणि दोघांना जोडणारा दांडा मधोमध न ठेवता एका कडेला. त्यामुळे खालचं कडं पलंगाखाली सरकतं आणि वरची काच बरोबर तुमच्या मांडीवर येते. दांड्याला साखळीने बांधलेली एक खीळ आहे. ती काढा, उंची कमी-जास्त करा, परत लावा. बस्स!

हे टेबल १९२७ च्या सुमाराचं आहे. म्हणजे लॅपटॉप मांडीवर घेऊन गादीतूनच असाइनमेंट सबमिट करणारी आपली जमात जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचं. डिझायनरच्या बहिणीला अंथरुणातच नाश्ता करायची सवय होती आणि चादरीवर चुरा सांडायचा, म्हणून हे टेबल सुचलं असं सांगतात. आज ते न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयात आहे. आणि ऑनलाइन 'सी टेबल' सर्च केलंत, तर त्याची नातवंडं-पतवंडं रांगेने उभी दिसतील.

हे टेबल करणाऱ्या बाईंचं नाव आयलीन ग्रे. इंटिरिअर किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्यांना हे नाव सिलॅबसमध्ये भेटलेलं असेल, बाकीच्यांना बहुधा नाही. पण रूम भाड्याची असो की स्वतःची, आपण ज्या चार भिंतींत राहतो त्यांचं काय करायचं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्या सगळ्यांच्या कामाची ही बाई आहे.

थरावर थर

आयलीनचा जन्म १८७८ चा, आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थीचा. घर खानदानी, पैशाला तोटा नाही. लंडनच्या स्लेड आर्ट स्कूलमध्ये ती चित्रकला शिकायला गेली, पण मन रमलं ते भलतीकडेच. सोहो भागात जुने लॅकरचे पडदे दुरुस्त करणारं एक दुकान होतं. तिथे जाऊन ती हे काम बघायला, शिकायला लागली.

लॅकर म्हणजे आपली लाख नव्हे. हा एका झाडाचा चीक. लाकडावर त्याचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा थर. असे कितीतरी. चीक हाताला लागला की कातडीवर पुरळ उठतं. पुढे पॅरिसला गेल्यावर आयलीनला सेइझो सुगावारा हा जपानी कारागीर भेटला आणि त्याच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षं हे काम केलं. डिग्री घेऊन नव्हे, तर हात खराब करून ती डिझायनर झाली.

या काळात तिने पॅरिसच्या श्रीमंतांसाठी पडदे, खुर्च्या, गालिचे केले. एका अख्ख्या फ्लॅटचं इंटिरिअर केलं. १९२२ मध्ये स्वतःची गॅलरी काढली आणि तिला नाव दिलं 'जाँ देझेर'. हा जाँ कोण? कुणीच नाही! मालक पुरुष आहे असं वाटावं म्हणून घेतलेलं काल्पनिक नाव. तेव्हाच्या खुर्च्यांपैकी एक, हातांच्या जागी ड्रॅगन कोरलेली, २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरोंना गेली. विसाव्या शतकातल्या फर्निचरसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

पण आयलीनचं खरं म्हणणं कळतं ते या महागड्या खुर्चीतून नाही. ते कळतं समुद्राकाठच्या एका लहानशा घरातून.

गुपित नावाचं घर

जाँ बादोविची हा रुमानियाहून आलेला आर्किटेक्ट पॅरिसमध्ये एक वास्तुकला मासिक चालवायचा. आयलीनचा तो जवळचा मित्र. तू घर बांध, असं त्याने तिला सुचवलं. तेव्हा ती पंचेचाळिशी ओलांडलेली होती आणि आर्किटेक्चरचं रीतसर शिक्षण तिने घेतलेलं नव्हतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां इथे, खडकाळ उतारावर तिने जागा निवडली. १९२६ ते १९२९ अशी तीन वर्षं हे काम चाललं आणि त्यातला बराच काळ ती तिथेच राहिली. ऊन कुठून येतं, वारा कधी फिरतो, हे बघत बघत तिने घर बसवलं.

घराचं नाव ई-१०२७. वायफायचा पासवर्ड वाटावा असं! ई म्हणजे आयलीन, दहावं अक्षर जे म्हणजे जाँ, दुसरं बी म्हणजे बादोविची आणि सातवं जी म्हणजे ग्रे. तिच्या आद्याक्षरांच्या कुशीत त्याची आद्याक्षरं.

आता या घराच्या आत चला. दारापाशीच भिंतीवर स्टेन्सिलने फ्रेंचमध्ये लिहिलंय, सावकाश आत या. शेजारीच, हसायला मनाई आहे अशी मिश्कील पाटी. पुढे हॅट कुठे ठेवायची, उशा कुठे, पायजमे कुठे, तेही त्या त्या जागी लिहिलेलं. जेवणाच्या टेबलावर कॉर्कचा थर, कारण कपबशांचा खडखडाट तिला नको होता. आरशाला आणखी एक छोटा आरसा जोडलेला, दाढी करताना मानेची मागची बाजू दिसावी म्हणून. ड्रॉवर ओढायचे नाहीत, तर खिळीभोवती फिरवायचे. झोपायच्या खोलीत सकाळचं ऊन येणार. स्वयंपाकघराचं काचेचं पार्टिशन दुमडलं की उन्हाळ्यात उघड्यावर रांधता येणार, कारण त्या भागातल्या बायका तसंच रांधायच्या. पाहुण्यांची खोली खालच्या मजल्यावर, तिला येण्याजाण्याची वेगळी वाट. कुणाला कुणाची अडचण नको.

एका खुर्चीला तर तिने एकच हात ठेवला. दुसऱ्या बाजूने माणसाला मोकळेपणी वळून, रेलून बसता यावं म्हणून. आपण कट्ट्यावर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीत नेमके कसे बसतो ते आठवून बघा. सरळ कोण बसतं?

यातली एकही गोष्ट फोटोत धड दिसत नाही, हे लक्षात घ्या. कॉर्कमुळे न झालेला आवाज कॅमेऱ्यात येत नाही. सकाळच्या उन्हाने आलेली जाग रीलमध्ये मावत नाही. हेच आयलीनचं तत्त्व. जागा बघायची नसते, ती वापरायची असते. म्हणून डिझाइनची सुरुवात रंगापासून नव्हे, माणसाच्या हालचालीपासून करायची. तो कुठून येतो, चप्पल कुठे काढतो, रात्री पाणी प्यायला उठला तर कशाला धडकतो, तिथून.

यंत्र की कवच?

त्या काळात युरोपात वेगळंच वारं होतं. ली कार्बुझिए, ज्याने पुढे आपलं चंदीगड आखलं तोच, त्याने १९२३ मध्ये घर म्हणजे राहण्याचं यंत्र अशी मांडणी केली होती. स्वच्छ रेषा, सपाट छत, फालतू नक्षी बंद. तरुण आर्किटेक्ट या विचाराने भारावले होते.

आयलीनलाही नक्षीचा सोस नव्हता. तिच्या घराचं छतही सपाट आहे, तेही खांबांवर उभं आहे. वरवर पाहिलं तर दोघं एकाच पंथातले. पण घर यंत्र आहे, हे तिला पटत नव्हतं. तिच्या लेखी घर म्हणजे माणसाचं कवच, त्याच्याच शरीराचा पुढे वाढलेला भाग. यंत्राला सगळी माणसं सारखीच. कवच मात्र ज्याचं त्याच्या मापाचं असतं.

यात आपला एक घरचा धागाही आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून माणिक बाग हा राजवाडा सजवून घेतला. झुंबरं आणि सोनेरी सिंहासनांच्या ऐवजी स्टील, काच, चामडं. जगातल्या सगळ्यात नव्या डिझायनर्सच्या वस्तू तिथे आल्या. त्यात होती आयलीन ग्रेची 'ट्रान्सॅट' आरामखुर्ची, जहाजाच्या डेकवरच्या खुर्च्यांवरून सुचलेली. आणि त्याच वाड्यात होती ली कार्बुझिए, शार्लोत पेरियाँ आणि पिएर जानरे यांची प्रसिद्ध लांब आरामखुर्ची. १९८० मध्ये मोनॅकोत वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. आज माणिक बागेत सरकारी कर खात्याचं ऑफिस आहे.

आयलीनची आणि ली कार्बुझिएची खुर्ची एका मराठी राजाच्या छपराखाली गुण्यागोविंदाने नांदली. पण फ्रान्समधल्या त्या घरात तसं घडलं नाही.

भिंत कुणाची?

बादोविचीशी मैत्रीतली जवळीक संपली आणि १९३२ च्या आसपास आयलीन ई-१०२७ सोडून गेली. जवळच्या डोंगरात तिने स्वतःसाठी दुसरं घर बांधलं. पहिलं घर बादोविचीकडे राहिलं. ली कार्बुझिए त्याचा मित्र, तिथे पाहुणा म्हणून यायचा. १९३८-३९ मध्ये त्याने त्या घराच्या कोऱ्या भिंतींवर मोठमोठी रंगीत चित्रं काढली. ती काढतानाचा त्याचा फोटो आहे. अंगावर कपडा नाही, हातात ब्रश.

बादोविचीची याला मुभा होती, हे खरं. कागदोपत्री भिंती त्याच्याच होत्या. पण जिने त्या भिंती मुद्दाम शांत ठेवल्या होत्या, तिला कुणी विचारलं नाही. आयलीनच्या दृष्टीने ही सरळ नासधूस होती. पुढे बादोविचीचंही ली कार्बुझिएशी यावरून वाजलं.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, नंतर कित्येक वर्षं हे घर कधी बादोविचीच्या नावावर खपलं, तर कधी खुद्द ली कार्बुझिएच्या. त्याने नंतर त्या घराच्या अगदी मागेच स्वतःची लाकडी खोपी बांधली आणि १९६५ मध्ये त्याच किनाऱ्यावर पोहताना तो गेला. आयलीन मात्र पॅरिसमध्ये चुपचाप काम करत राहिली. १९६८ मध्ये 'डोमुस' मासिकात जोसेफ रिक्वर्टने तिच्यावर लिहिलं आणि जगाला तिची आठवण झाली. तेव्हा ती नव्वदीची होती! १९७६ मध्ये, ९८ व्या वर्षी ती गेली.

घराचे हाल मात्र चालूच होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी भिंतींवर गोळ्या झाडल्या, नंतर सामान विकलं गेलं, वास्तू ओसाड पडली. अखेर १९९९ मध्ये फ्रान्सच्या सरकारी किनारा संवर्धन संस्थेने ती ताब्यात घेतली. मोठ्या डागडुजीनंतर आता लोक ती बघायला जातात. ली कार्बुझिएची चित्रंही तिथेच आहेत. ती पुसावीत का, यावर अजून दोन मतं आहेत. चित्रं काढणाराही थोर होता, ती पुसणं म्हणजे दुसरी नासधूस, असं एक म्हणणं. आणि ती ठेवणं म्हणजे घर करणारीचं म्हणणं आजही झाकून ठेवणं, असं दुसरं.

मला स्वतःला दुसरं पटतं. चित्रं वाईट आहेत म्हणून नाही. ती बघणाऱ्यासाठी आहेत, राहणाऱ्यासाठी नाहीत, म्हणून. भिंत दिसली की तिच्यावर आपली सही ठोकावीशी वाटणं हा मोह फक्त थोर माणसांना होतो असंही नाही. क्लायंटच्या टू बीएचकेत स्वतःचा पोर्टफोलिओ सजवणारा डिझायनर, आजीची रोज बसायची खिडकी टीव्ही युनिटने बंद करणारा नातू आणि रूममेटला न विचारता खोलीभर फेअरी लाइट्स लावणारे आपण, सगळे त्यातलेच. यातल्या कुणाचीच टेस्ट वाईट असेल असं नाही. फक्त तिथे राहणाऱ्याला विचारायचं राहून गेलेलं असतं.

चौकट : तुमच्या खोलीत आयलीन

• आधी आठवडाभर काहीच विकत घेऊ नका. फक्त बघा. ऊन कधी, कुठे येतं? चार्जर कुठे लागतो? ओला टॉवेल रोज कुठे पडतो? जिथे तो पडतो, तिथेच खुंटी ठोका. (घरमालकाला विचारून!)

• डोळ्यांइतकंच कानांना महत्त्व द्या. करकरणारं कपाट, आपटणारं दार, घासणारी खुर्ची. खुर्चीच्या पायाला जाड कापडाचा तुकडा चिकटवला तरी खोली बदलते.

• वस्तू घेताना ती सरकते का, दुमडते का, उंची बदलते का, ते पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत एकच काम करणाऱ्या वस्तूला जागा नसते.

• खोली शेअर करत असाल, तर प्रत्येकाचा एक कोपरा ठरवा. तिथे दुसऱ्याने काही लावायचं नाही.

• एक भिंत कोरी राहू द्या. ती कुणाला भरावीशी वाटली, तर आधी तिच्यासमोर रोज झोपतं कोण, ते विचारा.