वैद्यकीय देयकांची परिभाषा : शब्दांची फोड आणि रुग्णाचा हक्क

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील भनपुरी हा औद्योगिक परिसर आहे. अशा परिसरातील कामगार आजारी पडल्यास त्याच्या उपचारांचा भार, पात्रतेनुसार, कर्मचारी राज्य विमा योजना, आयुष्मान भारत योजना किंवा खाजगी विमा उचलतो. यांपैकी पहिली योजना मुळात १९४८ च्या कायद्यावर आधारलेली होती. दुसरी २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. योजना कोणतीही असो, डॉक्टरांचे निदान आणि रुग्णालयाचे देयक यांत मेळ असणे आवश्यक ठरते. म्हणूनच वैद्यकीय देयक प्रमाणपत्र परीक्षेत परिभाषेला महत्त्व आहे.

शब्दांची रचना

बहुतेक वैद्यकीय संज्ञा ग्रीक व लॅटिन घटकांपासून बनल्या आहेत. त्यांचे उपसर्ग, मूळ शब्द व प्रत्यय असे भाग पाडता येतात. ‘कार्डि’ म्हणजे हृदय, ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड, ‘हेपॅट’ म्हणजे यकृत. ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह सुचवितो, तर ‘एक्टॉमी’ अवयव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. त्यामुळे ‘अपेंडिसायटिस’ हे निदान आहे आणि ‘अपेंडिसेक्टॉमी’ हा उपचार. देयकात या दोहोंच्या नोंदी स्वतंत्र असतात व त्या परस्परांशी सुसंगत असाव्या लागतात.

प्रत्ययांतील सूक्ष्म फरकही ध्यानात घ्यावा. ‘कोलेक्टॉमी’मध्ये मोठ्या आतड्याचा भाग काढला जातो, ‘कोलोस्टॉमी’मध्ये त्या आतड्याला पोटावर कृत्रिम मुख दिले जाते.

संज्ञेकडून संकेतांकाकडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणात प्रत्येक निदानाला संकेतांक असतो. दहाव्या आवृत्तीत तीव्र अपेंडिसायटिससाठी ‘के ३५’ हा गट आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी दहावीचा वापर अनेक ठिकाणी चालू आहे.

‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे अधिक. दहाव्या आवृत्तीत हायपोथायरॉइडिझम ‘ई ०३’ मध्ये येतो, तर हायपरथायरॉइडिझम ‘ई ०५’ मध्ये. एका अक्षराच्या चुकीने निदान उलटते. मग औषधे व निदान यांचा मेळ बसत नाही, दावा अडकतो आणि खाजगी विम्यात खर्चाचा बोजा कामगाराच्या कुटुंबावर येऊ शकतो. चुकीचे निदान त्याच्या कागदपत्रांतही राहून जाते.

म्हणून संज्ञा पाठ करण्यापेक्षा तिची फोड करण्याचा सराव अधिक उपयोगी ठरतो. हस्ताक्षर अस्पष्ट असल्यास अंदाजाने संकेतांक न देता डॉक्टरांकडून खात्री करून घेणे, हा या व्यवसायाचा पहिला नियम होय.