केवळ आगीने उत्तुंग इमारत कोसळते काय?

पोलाद वितळण्यास सुमारे 1500 अंश सेल्सियस उष्णता लागते. इमारतीतील आग सहसा 1000 अंशांच्या आसपासच थांबते. मग पोलादी सांगाड्याची इमारत केवळ आगीने कशी कोसळेल, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात.

याचे उत्तर लोहाराच्या भट्टीपाशी मिळते. लोहार लोखंड वितळवीत नाही. ते लाल होताच मऊ पडते व घणाखाली वाकते. पोलादाचेही 600 अंशांच्या सुमारास जवळजवळ निम्मे बळ सरते. शिवाय तापलेल्या तुळया प्रसरण पावून सांध्यांना रेटतात. एक खांब खचला, की त्याचा भार शेजारच्या खांबांवर येतो आणि तेही क्रमाने खचतात.

न्यूयॉर्कची 47 मजली ‘7 वर्ल्ड ट्रेड सेंटर’ ही इमारत 11 सप्टेंबर 2001 रोजी सुमारे सात तास जळून कोसळली. तिच्यावर विमान आदळले नव्हते. शेजारच्या मनोऱ्याच्या जळत्या अवशेषांनी तिला आग लागली. शहराची जलवाहिनी निकामी झाल्याने खालच्या मजल्यांवरील फवारे कोरडे राहिले. तुळयांच्या प्रसरणापासूनच हा नाश सुरू झाला, असा निष्कर्ष सरकारी तज्ज्ञांनी 2008 साली काढला. 2017 साली तेहरानची 17 मजली ‘प्लास्को’ इमारत आगीने काही तासांतच ढासळली. आत झुंजणारे अनेक अग्निशामक जवान प्राणांस मुकले.

तेव्हा उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. पोलादावरील अग्निरोधक लेप आणि फवाऱ्यांचे पाणी ही इमारतीची शोभा नव्हे; इतरांना वाचविण्यासाठी आत शिरणाऱ्यांची ती ढाल होय.